गोडें पाणी

समुद्राशीं आम्हां मराठवाड्यांतील लोकांचा संबंध बहुधा भूगोलाच्या पुस्तकापुरता. म्हणूनच २०१८ च्या ऑगस्टांत लातूरची माझी नऊ वर्षांची पुतणी जुहूच्या वाळूवर प्रथमच धांवली, तेव्हां तिचा आनंद पाहून मीही आपली पन्नाशी विसरलों. तेवढ्यांत तिनें किंकाळी फोडली. निळ्या कांचेच्या फुग्यासारखें कांहींतरी तिच्या पोटरीला चिकटलें होतें.

मीं घाईघाईनें पिण्याच्या पाण्याची बाटली तिच्या पायावर रिकामी केली आणि रुमालानें पाय खसखसून पुसला. एप्रिल २०१६ मध्यें ज्या गांवाला मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें, त्या गांवचे आम्ही. गोडें पाणी हा आमच्या दृष्टीनें सर्व दुःखांवरचा उतारा. पण पोरीचें रडणें दुप्पट झालें. "काका, नको!" असें ती म्हणत होती, आणि मी पुसतच होतों. त्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यांवर दीडशेच्या आसपास लोकांना असे दंश झाल्याचें मागाहून वृत्तपत्रांत वाचलें.

मी पडलों इंग्रजीचा प्राध्यापक. नांदेडला परतल्यावर प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "ती खरी जेलीफिश नव्हे, अनेक जीवांची ती एक वसाहत. पण शस्त्र तेंच." मग एका डबक्यांतून आणलेल्या पाणवनस्पतीवरचा हायड्रा त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला. हा त्या निळ्या जीवाचा गोड्या पाण्यांतला दूरचा भाऊबंद. त्याच्या शुंडकांवर बारीक फोडांसारखे उंचवटे दिसत होते. तेथेंच त्या दंशपेशी. प्रत्येकींत एक कुपी, आणि कुपींत वेटोळें घातलेला पोकळ दोरा, सदऱ्याची बाही आंत उलटावी तसा. हायड्राच्या कुपींतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारें दीडशेपट! पेशीवरच्या केसाला भक्ष्याचा स्पर्श झाला कीं झांकण उघडतें आणि सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी काळांत कुपींतलें अणकुचीदार टोंक भक्ष्याच्या अंगांत शिरतें. मागोमाग दोरा आणि विष. एक कुपी एकदांच फुटते. मात्र प्राणी मेला, शुंडक तुटलें, तरी उरलेल्या कुप्या सज्जच असतात. आणि चोळल्यानें किंवा गोडें पाणी ओतल्यानें त्याही फुटूं शकतात.

मी खिन्न झालों. त्या जीवाच्या ठायीं द्वेष नव्हता आणि माझ्या ठायीं तर मायाच होती. तरी पोरीच्या पोटरीवरचे कांहीं वळ त्याचे, कांहीं माझे. "तुझ्या भल्यासाठींच सांगतों," असें मी वर्गांत वर्षानुवर्षें म्हणत आलों आहें. किती जणांच्या जखमांवर मीं असें गोडें पाणी ओतलें असेल?

वळ केव्हांच गेले. पुतणी तें विसरलीही. मी मात्र अलीकडे कोणी "नको" म्हटलें कीं हात आखडतों, आणि आधीं विचारतों, "कोठें दुखतें?"