हजार वर्षांचा लेक व्ह्यू

शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसा, शनिवारी सकाळी तळ्याच्या शहरात पोहे-जिलेबी खा. भोपाळच्या बडा तालाबभोवती दोन दिवस मनसोक्त भटकता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, समोर चमकतंय ते या शहराचं पिण्याचं पाणी आहे!

लोणावळा झालं. अलिबाग झालं. महाबळेश्वरच्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकून झालं. आता कुठे? ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा प्रश्न दर महिन्याला निघतो आणि दर वेळी गोव्यावर येऊन थांबतो. भोपाळचं नाव कुणी घेतच नाही. आपल्या डोक्यात भोपाळ म्हणजे दोनच गोष्टी. एक, १९८४ची वायुदुर्घटना. आणि दुसरी, दिल्लीला जाताना वाटेत लागणारं, चहापुरतं खाली उतरायचं स्टेशन. एकदा त्या स्टेशनवर सामान घेऊन उतरा. जुन्या शहरातून रिक्षा थोडी पुढे गेली की अचानक समोर पाणी येतं. पावसाळ्यानंतर तर एवढं पाणी, की पलीकडचा काठ शोधावा लागतो.

हा बडा तालाब. २०११ मध्ये त्याचं सरकारी नाव ‘भोजताल’ झालं, पण बोलण्यात अजून बडा तालाबच. तुडुंब भरला की त्याचा पसारा सुमारे ३१ चौरस किलोमीटर. ताल म्हणावा तर भोपाळचा, बाकी सगळी डबकी, अशा अर्थाची एक म्हण तिकडे आहे. भोपाळकरांचा तोरा कळायला ती पुरेशी आहे.

आणि हे सगळं माणसानं केलंय, बरं का! अकराव्या शतकात परमार घराण्यातल्या राजा भोजानं कोलांस नदीवर मातीचा बांध घालून हे पाणी अडवलं असं मानतात. राजाला त्वचेचा असाध्य रोग झाला, ३६५ झऱ्यांचं पाणी एकत्र करून त्यात स्नान कर असं एका साधूनं सांगितलं, म्हणून तळं बांधलं, अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी की खोटी ते सोडा. बांध मात्र खरा आहे आणि तो आजही आपलं काम करतोय.

बागेखालचं धरण

सुरुवात कमला पार्कपासून करा. बाकं, झाडं, फिरायला आलेली कुटुंबं, कोपरा पकडून बसलेली जोडपी. कुठल्याही शहरात असते तशी बाग. पण तुम्ही उभे आहात ती जागा म्हणजेच भोजाचा बांध! एका अंगाला बडा तालाब आणि दुसऱ्या अंगाला, खालच्या पातळीवर, छोटा तालाब. हा छोटा १७९४ मधला, नवाबाचा दिवाण छोटे खान यानं बांधलेला. दोन तळ्यांच्या मधून शहराची रहदारी बिनधास्त चाललेली असते. हॉर्न वाजवत जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आपली स्कूटर हजार वर्षांच्या धरणाजवळून चाललीय?

बागेला लागूनच गोंड राणी कमलापतीच्या महालाचा उरलेला भाग आहे. २०२१ पासून हबीबगंज स्टेशनला हिचंच नाव आहे. जवळच गोहर महाल. तो १८२० मध्ये कुदसिया बेगमनं बांधून घेतला. भोपाळवर १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी राज्य केलं, त्यातली ही पहिली. गादीवर आली तेव्हा वयानं विशीच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे पहिली नोकरी लागते त्या वयाची. शहरात नळाचं पाणी आणण्याचं श्रेयही तिलाच दिलं जातं. नीट पाहिलंत तर या शहरातला जवळजवळ प्रत्येक मोठा माणूस कधी ना कधी पाण्यापाशी येतोच.

बाजीरावही इथे होता

संध्याकाळ व्हीआयपी रोडसाठी राखून ठेवा. तळ्याच्या काठाकाठानं जाणारा हा रस्ता म्हणजे भोपाळचा मरीन ड्राइव्ह. भुट्टा, आइस्क्रीम, कठड्यावर बसलेली कॉलेजची पोरं. सूर्य पाण्यापलीकडे उतरायला लागला की सगळ्यांचे फोन एकदम वर! काठच्या जुन्या बुरुजावर राजा भोजाचा भव्य पुतळा २०११ पासून उभा आहे. तळ्यात दूरवर हिरवं ठिपक्यासारखं दिसतं ते तकिया बेट. त्यावर शाह अली शाह यांचा दर्गा आहे.

इथे उभं राहून मराठी माणसानं एक तारीख आठवायलाच हवी. डिसेंबर १७३७. थोरल्या बाजीरावानं निजामाला याच भोपाळपाशी गाठलं. निजामानं शहराच्या आसऱ्यानं तळ दिला. मराठ्यांनी समोरून धडक मारण्यापेक्षा त्याला वेढलं आणि त्याची रसद तोडली. मोठ्या तोफा असलेली फौज उपाशी बसली. शेवटी ७ जानेवारी १७३८ रोजी दुराईसरायचा तह झाला आणि निजामाला माळव्यावर पाणी सोडावं लागलं. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपलेली लढाई या काठावर आली की एकदम खरी वाटायला लागते.

बोट आहे, मोटर नाही

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून बोट क्लब गाठा. पूर्वी इथे क्रूझ चालायची, स्पीडबोटी पाणी कापत जायच्या. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं या तळ्यात क्रूझ आणि मोटरबोटी चालवायला मनाई केली. कारण साधं आहे. ज्या पाण्यात डिझेल सांडतं, तेच पाणी शुद्ध करून शहरातल्या घरांत जातं. शिवाय दोन्ही तळी मिळून ‘भोज वेटलँड’ २००२ पासून रामसर यादीत आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात आणि काठच्या शेतांत नशीब असेल तर सारसांची जोडी दिसते. मोटर नसली तर मजा कमी, असं वाटत असेल तर एकदा वल्ह्यांचा नुसता आवाज ऐकत पाण्यात जाऊन बघाच.

बोट क्लबपासून पुढे वनविहार लागतं. शहराला चिकटून, तळ्याच्या काठावर चक्क राष्ट्रीय उद्यान! ४४५ हेक्टरचं. वाघ, बिबटे, अस्वलं प्रशस्त आवारांत. त्यातले बरेचसे सर्कशीतून किंवा संकटातून सोडवून आणलेले. चितळं आणि नीलगायी मात्र मोकळ्याच. एका हाताला जंगल आणि दुसऱ्या हाताला पाणी असा सपाट रस्ता आहे. गाडीचा मोह टाळा, चाला किंवा सायकल घ्या.

टेकडीत लपलेली इमारत

दुपारी ऊन चढलं की श्यामला हिल्सवर. इथलं भारत भवन १९८२ मध्ये सुरू झालं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, म्हणजे आपल्या मुंबईचे. नवी मुंबईच्या आखणीत आणि पेडर रोडजवळच्या ‘कांचनजंगा’ टॉवरमागे तेच. इथे मात्र त्यांनी टॉवरच्या अगदी उलट केलंय. रस्त्यावरून इमारत जवळपास दिसतच नाही! गच्च्या, अंगणं, पायऱ्या उतरत उतरत तळ्याकडे जातात आणि दालनं टेकडीच्या पोटात. तळ्यासमोर उंच काहीतरी ठोकून देण्याची संधी असताना एका मोठ्या आर्किटेक्टनं मान खाली घातली, हे आजच्या ‘लेक व्ह्यू’च्या जमान्यात बघण्यासारखं आहे. आतलं ‘रूपंकर’ चुकवू नका. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासी कलाकार आणि शहरी कलाकार यांची कामं एकाच संग्रहालयात, बरोबरीनं मांडली. जनगढसिंह श्याम हा गोंड चित्रकार इथूनच जगासमोर आला.

वेळ असेल तर जवळचं मानव संग्रहालय पाहा. देशभरातली घरं तिथे खरोखर बांधून ठेवली आहेत. आणि २०१३ मध्ये उघडलेलं जनजातीय संग्रहालय तर पाहायलाच हवं. ते बघायला दोन तास लागतील असं समजून जा आणि चार काढा.

अकरा दरवाजे

आता सिरीयस गोष्ट. तळ्याच्या आग्नेय टोकाला भदभदा धरण आहे, १९६५ चं. त्याला ११ दरवाजे. पावसाळ्यात भोपाळकर एका आकड्यावर डोळे लावून बसतात, १६६६.८० फूट. ही तळ्याची पूर्ण भरलेली पातळी. ती गाठली की भदभदाचे दरवाजे उघडतात आणि अख्खं शहर बघायला लोटतं. आपल्याकडे खडकवासल्याला चौपाटी भरते ना, तसंच.

पण दर वर्षी दरवाजे उघडतीलच असं नाही. तळ्याची सगळी भिस्त पावसावर. २००८ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २००९ च्या उन्हाळ्यात तळाचा मोठा भाग उघडा पडला. तेव्हा लोक घमेली-फावडी घेऊन उतरले आणि श्रमदानानं गाळ काढला. आज शहराला कोलार धरणातून आणि नर्मदेतूनही पाणी येतं. म्हणून बडा तालाबची गरज संपली असं कुणी समजू नये. लाखो लोकांच्या नळाला अजून याचंच पाणी आहे.

पाणी गेलं की काय होतं, हे भोपाळइतकं कुणाला ठाऊक असणार? तळ्यापासून काही किलोमीटरवर, जुन्या शहराच्या उत्तरेला तो बंद कारखाना आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं गेली. पुढे आजूबाजूच्या वस्त्यांमधलं जमिनीखालचं पाणीही दूषित झालं. त्यांना पाइपनं स्वच्छ पाणी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला. आवारात उरलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा तिथून हलायला जानेवारी २०२५ उजाडलं. हवा दुसऱ्या दिवशी वाहून गेली. पाण्याचं दुखणं चाळीस वर्षं पुरलं.

दुसरं तळं, जे आता नाही

परतीच्या दिवशी सकाळी भोजपूर करा. भोपाळपासून सुमारे २८ किलोमीटर. बेतवेच्या काठी भोजानं सुरू केलेलं आणि अर्धवट राहिलेलं शिवमंदिर आहे. आत साडेसात फूट उंच अखंड शिवलिंग. बाहेरच्या खडकांवर मंदिराचे नकाशे कोरलेले आहेत, म्हणजे एखाद्या आर्किटेक्टची ड्रॉइंग शीट हजार वर्षं उघड्यावर पडून आहे! दगड वर चढवायला केलेला मातीचा उतारसुद्धा तसाच आहे.

बहुतेक लोक इथूनच दर्शन घेऊन परततात. तुम्ही जवळच्या मोठमोठ्या दगडांच्या भिंतीपर्यंत जा. ते भोजाचं आणखी एक धरण. इथलं तळं भोपाळच्या तळ्याहून कितीतरी मोठं होतं. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह यानं ते फोडलं. गोंडांच्या दंतकथेप्रमाणे बांध कापायला सैन्याला तीन महिने लागले, तळं रिकामं व्हायला तीन वर्षं आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षं. आज तिथे शेतं आहेत. पाणी होतं हे सांगावं लागतं.

गंमत बघा, भदभदाचे दरवाजे उघडले की बडा तालाबचं पाणी कलियासोत नदीतून बेतवेत येतं. म्हणजे वाचलेल्या तळ्याचं जास्तीचं पाणी गेलेल्या तळ्याकडे वाहतं.

भोजपूरचं तळं सैन्यानं फोडलं. हल्ली तळी फोडायला सैन्य लागत नाही. गाळ, सांडपाणी, काठावर एकेक वीट पुढे सरकवणं, एवढं पुरतं. पवई तलाव १८९१ मध्ये मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता. पुढे त्याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. व्ह्यू मात्र राहिला आणि आज आपण त्याच व्ह्यूचे ईएमआय भरतोय. भोपाळमध्ये व्ह्यू आणि पाणी दोन्ही अजून एकाच ठिकाणी आहेत. हजार वर्षं टिकलेली ही जोडी आहे. ती बघायला जा. आणि चिप्सचं रिकामं पाकीट खिशात ठेवून परत या.

फटाफट

कसं जाल : मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस. दोन्ही गाड्यांनी रात्रीचा प्रवास करून सकाळी भोपाळ.

कधी जाल : तुडुंब तळं पाहायचं तर पावसाळ्याच्या शेवटी, पक्षी पाहायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

काय खाल : सकाळी शेव घातलेले पोहे आणि जिलेबी. जुन्या शहरात चिमूटभर मीठ घातलेला सुलेमानी चहा. नॉनव्हेज खाणाऱ्यांनी चटोरी गली शोधायची.

लक्षात ठेवा : संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, बहुतेक वेळा सोमवारी. शनिवार-रविवारचा बेत सगळ्यात सोयीचा. सोमवारी ऑफिसला दांडी मारायची गरज नाही!