रोज अर्धे पान

रोज काहीतरी लिहीत जावे, हा उपदेश समर्थांच्या नावाने मराठी माणसाच्या कानावर इतक्यांदा पडतो की त्यातला अर्थ केव्हाच झिजून गेलेला असतो. आम्हालाही तो भिंतीवरच्या सुविचारासारखाच वाटे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास, ‘लेखनक्रियानिरूपण’, पुन्हा वाचला तेव्हा मात्र थबकलो. तिथे प्रतिभेची चर्चा नाही. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. कारागिराने शागिर्दाला सांगावे तसे हे सांगणे आहे.

आम्ही तिघे एकाच मराठी विभागात शिकवतो. आमचे लेखन म्हणजे प्रश्नपत्रिका, ‘नॅक’चे अहवाल, आणि पदोन्नतीच्या फाइलला हवा म्हणून वर्षाकाठी एखादा शोधनिबंध. कुणी मागितले नसताना लिहिलेले असे आमच्यापाशी जवळजवळ काहीच नव्हते. जूनमध्ये ठरवले: पहिल्या तासिकेआधी रोज अर्धे पान, वहीत, हाताने. महिनाअखेरीस वह्या बदलून वाचायच्या आणि समीक्षा करायची नाही. (ही शेवटची अट आमच्या जातकुळीच्या माणसांना सर्वांत जड गेली.)

पहिल्या महिन्याच्या वह्या वाचून हसू आले. पावसाविषयीचे पानसुद्धा उत्तरपत्रिकेसारखे. ‘प्रस्तुत’, ‘सदर’, ‘अधोरेखित होते’ यांचा सुळसुळाट. वीस वर्षे इतरांच्या भाषेचे विवेचन करता करता आमची स्वतःची भाषा कुठे गेली, हा प्रश्न तेव्हा प्रथमच टोचला.

लेखक हे कसे साधतात? ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करी. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द उतरवायचे, असा त्याचा नेम त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यानेच सांगितला आहे. इतका हिशेबीपणा आम्हाला पेलणारा नाही. आपल्याकडे नेम बहुधा बाहेरून आला. हरिभाऊंच्या मागे ‘करमणूक’चा अंक होता. १९५५-५६ मध्ये गदिमांकडून पुणे आकाशवाणीला आठवड्याला एक गीत हवे होते. त्यातून ‘गीतरामायणा’ची ५६ गीते झाली. त्या श्रेष्ठत्वाशी आमचा काही संबंध नाही, पण तिथे दाराशी कुणीतरी वाट पाहत होते. वाट पाहणारे कुणीच नसेल तर माणूस कशाच्या बळावर लिहितो?

याचे थोडेसे उत्तर आमच्यातल्या एकीच्या वहीत सापडले. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान होते. त्यांच्याविषयी लिहिण्याचा तिने पूर्वी अनेकदा प्रयत्न केला होता आणि दरवेळी मजकूर शोकसभेतल्या भाषणाच्या वळणावर गेला होता. ऑगस्टमध्ये तिने त्यांच्या रोजकीर्दीविषयी लिहायला घेतले. वर तारीख, मग ‘श्री शिल्लक’, मग जमा आणि नावे. दुकान उघडले आणि विक्री झाली नाही, तरी त्या दिवसाचे पान असेच. तारीख आणि शिल्लक लिहून त्यांनी वही मिटलेली. तिच्या आईच्या आजारपणातली अशी अकरा पाने ओळीने आहेत. तिने ती फक्त वर्णिली, एकही विशेषण वापरले नाही. वाचून आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही. अट नसती तरी बोललो नसतो.

आता सत्र परीक्षांचे गठ्ठे आले आहेत. तिचा मजकूर चाळीस पानांवर गेला आहे. आमच्यातल्या दुसऱ्याच्या वहीत मात्र गेल्या आठवड्यात सलग चार दिवस नुसती तारीख आहे. ते दिवस हजेरीत धरायचे, असे तिने सुचवले आणि आम्ही मान्य केले.