सहलीची तारीख ठरवताय? आधी तिथी बघा

पोस्ट मोठी आहे, पण सहलींचा हंगाम तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहितेय. अलिबाग-मुरूडकडच्यांनी वाचाच, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पाठवा.

दिवाळी झाली की आपल्या रस्त्यावर दोन प्रकारच्या गाड्या वाढतात. एक, शाळांच्या सहलीच्या एसट्या. दुसऱ्या, सोसायट्या, भिशीमंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, कुठल्या तरी कार्यालयातून निवृत्त झालेली मंडळी यांच्या खासगी बस. पहाटे निघायचं, दिवसभर बघायचं, रात्री घरी. मुक्काम नाही. आणि इथे राहणाऱ्या प्रत्येकाचा एक तरी मामेभाऊ पुण्यात असतो, त्यामुळे "जरा प्लॅन करून दे ना" हा फोन आपल्यापैकी प्रत्येकाला येतो. मला तर नवरात्रापासूनच येतात.

परवाचा फोन असा. "ताई, पंचेचाळीस जण आहोत. सगळे साठीच्या पुढचे, पण ठणठणीत हां. रविवार धरलाय. पौर्णिमापण आहे, म्हणजे छान." मग यादी. कुलाबा किल्ला, कान्होजींची समाधी, रेवदंडा, बिर्ला मंदिर, कोर्लई, काशीदला समुद्रात पाय बुडवणं, जंजिरा, आणि "जमलं तर नवाबाचा राजवाडा."

राजवाडा खासगी आहे काका, बाहेरूनच बघायचा, एवढं सांगून मी हिशेब मांडला. पुण्याहून अलिबाग दीडशे किलोमीटरच्या आसपास. वडखळला अडकला नाहीत तर चार तास. अलिबागहून राजपुरी पन्नास किलोमीटरच्या वर, अरुंद वळणाचा रस्ता, बसने पावणेदोन तास धरा. पंचेचाळीस माणसं बसच्या एका दारातून उतरणार, मोजणी होणार, परत चढणार, परत मोजणी. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं यातच जातात. सात ठिकाणं म्हणजे जवळजवळ अडीच तास नुसते बसच्या दारात. काका म्हणाले, "मग सगळं पळत पळत बघू." गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं पळत पळत जंजिरा बघणार.

पण माझा खरा आक्षेप त्या पौर्णिमेला होता.

आपल्याकडच्या कोळी-आगरी घरांतल्या जुन्या माणसांना शिकवावं लागत नाही, पण घाटावरच्यांसाठी सांगते. भरतीची वेळ काढायचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या आधी सहा तास ओहोटी, म्हणजे सकाळी साडेनऊ-पावणेदहा. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. प्रतिपदेपासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. हा अंदाज आहे, मिनिटाचा हिशेब नाही. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून "मागच्या रविवारी आमचे लोक अकराला चालत गेले होते" या माहितीचा या रविवारी काही उपयोग नाही.

आता पौर्णिमा घ्या. पूर्ण भरती अकरा-बाराच्या दरम्यान. म्हणजे पहाटे पाचला निघालेली बस किनाऱ्यावर पोचते तेव्हा पाणी चढत असतं, आणि उधाणाचं असतं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन माणसांच्या उंचीएवढा भरतो. हे पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. पहिल्या तासात थोडंसं, आणि मधल्या दोन तासांत एकूण वाढीच्या निम्मं. कुलाब्याच्या वाळूवर फसतात ते इथेच. "आत्ता तर घोट्याएवढंच आहे" म्हणून फोटो काढत राहतात, अर्ध्या तासाने कमरेला लागतं. उधाणाची ओहोटी चांगली आत जाते हे खरं, पण ती संध्याकाळी साडेपाचला. तेव्हा ऊन कलतं, आणि परतीच्या वाटेवर अंधार.

उलट अष्टमीच्या आसपास पाण्याचा भांग असतो. ओहोटी सोयीच्या वेळेला येते, पण पाणी फार मागे हटत नाही, वाटेत पाणी राहतं. चालत जायचं असेल तर बसवाल्यांसाठी उत्तम दिवस पंचमी-षष्ठी, शुद्ध असो की वद्य. नऊला पोचा, ओहोटीच्या आधी अर्धा तास किनारा सोडा, किल्ल्यात तासभर, आणि पाणी वळायच्या सुमारास परत. घोडागाडीवाल्याला विचारा, तो घड्याळ न बघता सांगेल. रविवारच हवा असेल तर पंचमी-षष्ठीजवळचा रविवार शोधा. महिन्यात एखादा सापडतोच.

फेब्रुवारी २०१६ आठवा. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला आली आणि डझनाहून अधिक मुलं समुद्रात गेली. आपल्यापैकी कितीतरी जण त्या संध्याकाळी किनाऱ्यावर होते. त्यानंतर फलक लागले, जीवरक्षकांची चर्चा झाली. फलकावर लिहिलेलं असतं की समुद्र धोकादायक आहे. पण आज किती वाजल्यापासून? घाटावरच्या माणसाला समुद्र दिवसभर सारखाच दिसतो, त्याच्यासाठी तो फलक म्हणजे "धूम्रपान करू नये"सारखा. त्याला वेळ सांगा. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीचं वर्षभराचं वेळापत्रक आधीच छापतो, बंदरखात्याच्या लोकांना ते पाठ असतं. माहिती आहे, ती किनाऱ्यावरच्या खांबापर्यंत येत नाही एवढंच. एक काळा फळा, एक खडू आणि रोज सकाळी दोन आकडे लिहिणारा एक माणूस, एवढाच खर्च. जिथे पार्किंगची पावती फाडली जाते, तिथे पावतीच्या मागे शिक्का मारा: आज ओहोटी अमुक वाजता, अमुक वाजल्यानंतर पाण्यात जाऊ नका. चालकाच्या हातात कागद गेला की बसभर बातमी जाते.

आता दुसरा विषय. यावर पुरुषमंडळी फोनवर कधीच विचारत नाहीत. बायका विचारतात, तेही आवाज खाली करून. "ताई, मधे सोय आहे ना?"

सहलीच्या बसमधल्या बायका पाणी पीत नाहीत, हे तुम्ही कधी पाहिलंय का? सकाळी पेणला चहाही टाळतात. दुपारच्या उन्हात किल्ल्यावर चढतात आणि बाटली नुसती हातात धरून ठेवतात. साठी-सत्तरीच्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायका. मग कोणाला तरी चक्कर येते आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. ऊन लागलं नाही, बाई सकाळपासून तहानलेली होती. आपल्याकडे काही ठिकाणी स्वच्छतागृहं बांधलेली आहेत, हे मान्य. उद्घाटनं झाली, पाट्याही आहेत. मात्र कुलूप आहे, किंवा कुलूप नाही आणि पाणीही नाही, किंवा दोन्ही ठीक आणि दाराला कडी नाही.

म्हणून मी सहलीचा कागद स्वच्छतागृहांपासून लिहायला घेते. आधी सोय कुठे आहे ते, मग जेवण, मग किल्ले. वरची सात ठिकाणांची यादी अशी लिहिली की आपोआप दोन ठिकाणांवर येते. जेवण घरगुती खानावळीत ठेवा, आदल्या दिवशी ताटांचा आकडा कळवा. पन्नास ताटं म्हणजे त्या घरातल्या बाईचे चांगले पैसे होतात आणि तुमच्या बायकांना स्वच्छ मोरी मिळते. पुण्याहून पुरी-भाजीचे डबे आणून किनाऱ्यावर वर्तमानपत्रं पसरणाऱ्या मंडळींना यातलं काही मिळत नाही, आणि आपल्या गावाला त्यांच्याकडून फक्त ती वर्तमानपत्रं मिळतात. कडवट वाटेल, पण खरं आहे.

काकांना मी शेवटी सांगितलं ते असं. षष्ठीचा दिवस धरा. सकाळी कुलाबा. शिवाजी महाराजांनी सुरू केलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला किल्ला. आत गणपतीचं देऊळ आणि समुद्रात असून गोड्या पाण्याची विहीर. ते नीट बघा. परत येऊन कान्होजींची समाधी. १७२९ साली हा माणूस गेला. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळ्यांना त्याने समुद्रात जागा दाखवली होती, आणि समाधीपाशी बहुतेक बस दहा मिनिटंही थांबत नाहीत. मग नागाव-चौलकडे जेवण. दुपारी रेवदंडा.

रेवदंड्यावर माझा जीव आहे, कबूल करते. म्हाताऱ्या माणसांसाठी याच्यासारखा किल्ला नाही. चढ नाही, होडी नाही, पाण्याचं वेळापत्रक नाही. पोर्तुगीजांच्या तटाच्या आतच गाव वसलंय, रस्ता तटातून आत जातो, नारळ-पोफळीच्या वाड्यांमधून चालताना अचानक चर्चची पडकी भिंत उभी राहते. सातखणीचा मनोरा आहे, त्याचे आता चारच खण उरलेत. पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्याही आधी, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन या चौल बंदरात उतरला होता. त्याचं स्मारक गावातल्या शाळेच्या आवारात आहे. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो. तिथल्या गावात आजही पोर्तुगीज वळणाची बोली घरात बोलतात. (सहलीवाल्यांनो, तिथे जाऊन लोकांना "जरा बोलून दाखवा ना" म्हणू नका. ती त्यांची घरातली भाषा आहे.)

"आणि जंजिरा?" काकांनी विचारलंच. विचारणारच. जंजिरा बघावा, पण त्याचा दिवस वेगळा. शनिवार-रविवारी राजपुरीच्या धक्क्यावर होडीच्या रांगेत तास-दोन तास सहज जातात. शिडाच्या होडीतून उतरताना हात धरायला माणूस लागतो. आत वेळ मोजून मिळतो, कारण होडीला पुढची खेप असते. होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेटं मोजा आणि घाला. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीचं डिसेंबर २०२४ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. जॅकेटं कमी असतील तर पुढच्या होडीने जा, नावाडी रागावला तर रागावू दे.

आता आपल्या लोकांसाठी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. आपल्या जिल्ह्यातले त्यात दोन, रायगड आणि खांदेरी. तेव्हापासून "थळहून खांदेरीला होडी मिळते का" असं विचारणारे फोन सुरू झालेत. आनंद आहेच. १६७९ मध्ये महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून ते बेट बांधायला घेतलं, त्याचं नाव जगाच्या यादीत आलं. पण यादीच्या मागोमाग बस येते, बसमधून पंचेचाळीस माणसं उतरतात, त्यात पंचवीस बायका असतात, आणि ओहोटी कोणासाठी थांबत नाही. वारशाच्या कमानी आणि रोषणाईचे प्रस्ताव येतील. माझं म्हणणं, कमान नंतर. आधी अलिबाग किनारा, रेवदंडा, काशीद आणि राजपुरी धक्का, या चार ठिकाणी दोन गोष्टी: रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळेचा फळा, आणि पाणी व कडी असलेलं, सकाळी आठ ते संध्याकाळी सात उघडं राहणारं स्वच्छतागृह, दारावर जबाबदार माणसाच्या नाव-नंबरासकट. पाच रुपये घ्या, दहा घ्या. बायका आनंदाने देतील.

तर मदत हवी आहे. या चार ठिकाणी जवळ राहणाऱ्यांनी या आठवड्यात एक चक्कर मारा आणि खाली लिहा: स्वच्छतागृह उघडं आहे का, पाणी येतं का, किल्ली कोणाकडे असते. फोटो असेल तर उत्तम. पुढच्या रविवारपर्यंत यादी करून संबंधित ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि तहसील कार्यालयात अर्ज देणार आहे. सह्यांसाठी प्रत्येक गावातून दोघं-तिघं हवेत, त्यात एक तरी बाई असू द्या. काकांची सहल पुढच्या महिन्यातल्या षष्ठीला ठरलीय. तोपर्यंत रेवदंड्याच्या कुलपाचं तरी कळू दे.