ब्लास्फेमस : एक व्हिडिओ गेम आणि अपराधीपणाचं ओझं

या ब्लॉगवर आपण नेहमी डायबेटिस, बीपी, थायरॉइड, तापाच्या साथी अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज मी एका व्हिडिओ गेमबद्दल लिहिणार आहे.

पन्नाशी ओलांडलेला फिजिशियन गेम खेळतो हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. अंगठा दुखतो म्हणून आलेल्या एका कॉलेजच्या पेशंटने या खेळाचं नाव सांगितलं. कुतूहलापोटी मी तो घेतला आणि रविवारच्या दुपारी थोडा थोडा करत तीन महिन्यांत पूर्ण केला. त्यातल्या काही गोष्टी फार आवडल्या, काहींनी डोकं उठवलं. आणि एक गोष्ट तर थेट माझ्या ओपीडीतली निघाली. म्हणून हा लेख.

हा खेळ आहे तरी काय?

खेळाचं नाव ‘ब्लास्फेमस’, म्हणजे धर्मनिंदा करणारा. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या ‘द गेम किचन’ या छोट्या कंपनीने तो बनवला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तो बाजारात आला. त्याआधी २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून त्यासाठी पैसे उभे केले होते.

चित्रं पिक्सेल आर्टची आहेत. आपल्या आई-आजी दोसुती कापडावर टाके मोजून मोर आणि फुलं भरायच्या, ते आठवा. तसंच इथे छोट्या छोट्या रंगीत चौकोनांतून अख्खी चर्चेस, जळकी रानं आणि बर्फाळ डोंगर उभे केले आहेत. वातावरण ‘गॉथिक’ आहे. उंच कमानी, मेणबत्त्या, थडगी, अंधार. कस्टोडिया नावाच्या काल्पनिक देशात ‘मिरॅकल’ नावाची एक दैवी शक्ती लोकांच्या मनातली अपराधीपणाची भावना त्यांच्या शरीरावर उमटवते. कोणाला वरदान मिळतं, कोणाला भयंकर विद्रूपता. अनेकदा दोन्ही एकाच वेळी.

आपला नायक मौनव्रत घेतलेला प्रायश्चित्तकर्ता आहे. संपूर्ण खेळात तो एक शब्दही बोलत नाही. त्याच्या तलवारीचं नाव ‘मेआ कुल्पा’. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘माझा अपराध’.

नायकाच्या डोक्यावर शंकूसारखं उंच, टोकदार शिरस्त्राण असतं. हे कल्पनेतून आलेलं नाही. ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात सेव्हिलमध्ये मोठ्या मिरवणुका निघतात. त्यात प्रायश्चित्त करणारे लोक अशाच टोकदार टोप्या घालून, चेहरा झाकून चालतात. चेहरा झाकायचा तो पश्चात्ताप करणारा कोण हे कोणाला कळू नये म्हणून. गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या एका प्रसिद्ध चित्रातही स्वतःला फटके मारून घेणाऱ्यांच्या मिरवणुकीत या टोप्या दिसतात. खेळ बनवणाऱ्यांनी आपल्याच गावाची परंपरा घेतली, आणि हा खेळ हजारो खेळांत वेगळा दिसतो तो त्यामुळेच.

डॉक्टरला काय आवडलं?

पहिली गोष्ट म्हणजे हाडं. अल्बेरो नावाच्या गावात एक अस्थिघर आहे. खेळभर विखुरलेली ४४ हाडं शोधून तिथे आणून द्यायची. प्रत्येक हाडाचं शास्त्रीय नाव आणि ते कोणाचं होतं, हे दिलेलं आहे. आर्थर नावाच्या खलाशाचं फॅलँक्स, म्हणजे बोटाचं हाड, हे त्यातलं एक. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी आम्ही हाडांचा डबा घेऊन रात्र रात्र पाठांतर करायचो. ते हाड कोणाचं, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. या खेळाने तो विचारला.

दुसरी गोष्ट म्हणजे औषध. जखमी नायक पित्ताची कुपी वापरून बरा होतो. हे विचित्र वाटेल, पण त्यामागे इतिहास आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकात शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस मानत. त्यांचा समतोल बिघडला की आजार, ही समजूत युरोपात शतकानुशतकं टिकली. ‘मेलँकोलिया’ या शब्दाचा मूळ अर्थच काळं पित्त. कुपी वापरायला क्षणभर वेळ लागतो आणि तेवढ्यात शत्रू वार करू शकतो. त्यामुळे औषध कधी घ्यायचं याचाही विचार करावा लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तिच्याकडे आता येतो.

पडलात तिथे परत जा

या खेळात तुम्ही मरता. पुन्हा पुन्हा मरता. मेल्यावर शेवटच्या प्रार्थनास्थळापाशी पुन्हा उभे राहता, पण जिथे पडलात तिथे तुमच्या अपराधाचा एक तुकडा मागे राहतो. तो तिथे आहे तोवर तुमची ‘फर्वर’, म्हणजे भक्तीची ताकद, पूर्ण भरतच नाही. तिच्या पट्टीचा काही भाग अडवला जातो. आणखी एकदा मेलात की आणखी एक तुकडा, आणि पट्टी आणखी तोकडी. कमावलेलं काही हिरावून घेत नाहीत. फक्त तुमची क्षमता आक्रसते.

उपाय दोनच. एक तर पडलात त्या जागी परत जाऊन तो तुकडा उचलायचा. नाही तर कबुलीजबाब ऐकणाऱ्या मूर्तीसमोर जाऊन, कमावलेले ‘अश्रू’ मोजून ओझं उतरवायचं. दूर पळून हे ओझं कमी होत नाही.

हे वाचताना मला माझे एक पेशंट आठवतात. डायबेटिस, वय ४८. दोन लग्नं आणि एक गावची जत्रा यात पथ्य मोडलं, गोळ्या चुकल्या. घरच्या मशीनवर शुगर २८० आली. त्यानंतर ते आठ महिने दवाखान्यात फिरकले नाहीत. आले तेव्हा पायाच्या करंगळीखाली जखम होती. नसा बधिर झाल्यामुळे ती दुखतही नव्हती. इतके दिवस का आला नाहीत विचारल्यावर म्हणाले, “डॉक्टर, तोंड दाखवायची लाज वाटत होती. आधी शुगर खाली आणतो, मग जातो, असं ठरवलं होतं.”

शुगर वाढलेली असताना दवाखाना टाळायचा आणि शुगर कमी झाल्यावर जायचं, हा हिशेब उलटा आहे. पण असा विचार करणारे पेशंट दर आठवड्याला भेटतात. सिगारेट सोडून पुन्हा सुरू केलेले, बीपीच्या गोळ्या मनाने बंद केलेले, वजन कमी होऊन परत वाढलेले. चूक जेवढी असते, त्याहून मोठं नुकसान ती लपवण्यात होतं. ड्रेसिंग, इन्सुलिन आणि त्यांच्या पत्नीची चिकाटी यांच्या जोरावर त्यांची करंगळी वाचली. आठ महिने आधी आले असते तर कदाचित गोळीचा डोस बदलून भागलं असतं.

आता त्रास

खेळाची सगळ्यात मोठी उणीवही मरणाशीच जोडलेली आहे. शत्रूशी लढताना मेलात तर काहीतरी शिकता. वार करण्याआधी शत्रू हात मागे घेतो, शस्त्र उचलतो. तेवढ्या क्षणात तलवार आडवी धरली की वार परतवता येतो. दहा वेळा हरल्यावर अकराव्या वेळी त्याची लय कळते. ही शिक्षा कडक आहे, पण तिच्यामागचं कारण दिसतं.

काटे आणि दऱ्यांचं तसं नाही. अंगात पूर्ण जीव असला, सगळ्या कुप्या भरलेल्या असल्या, तरी काट्यावर पाय पडला की थेट मृत्यू. कधी एखादा किरकोळ शत्रू धक्का देतो आणि नायक मागे ढकलला जाऊन दरीत पडतो. चूक एवढीशी, शिक्षा पूर्ण. त्यातून शिकायला फारसं काही नसतं, नुसती चीड येते.

दुसरा त्रास म्हणजे खेळ नीट सांगत नाही. अल्बेरोमध्ये तिर्सो नावाचा एक जण रुग्णांची सेवा करतो आणि आपल्याकडे औषधी वनस्पती मागतो. रोझमेरी, थाइम, लसूण, लवंग अशा वस्तू शोधून आणायच्या. अशा मागण्या करणारी बरीच पात्रं भेटतात. पण कोणाला काय हवं, कुठे मिळेल, उशीर झाला तर काय होईल, हे अनेकदा अंदाजानेच ठरवावं लागतं. न वाचता येणारं प्रिस्क्रिप्शन हातात आल्यासारखं वाटतं. आणि झटकन दुसरीकडे नेणारी दारं मोजकीच असल्यामुळे त्याच वाटा पुन्हा पुन्हा तुडवाव्या लागतात.

या काट्यांमधून आम्हा डॉक्टर मंडळींनीही काही घ्यावं असं मला वाटतं. पेशंटने एक गोळी चुकवली आणि आम्ही त्याला चारचौघांत झापलं, तर तो काट्यावर पडतो. त्याला काही कळत नाही, फक्त तो परत येत नाही. कुठे घसरलात, का घसरलात, पुढच्या वेळी काय करू, हे शांतपणे बोललं तर तो उठून परत लढतो.

पालकांसाठी दोन शब्द

- हा खेळ लहान मुलांसाठी नाही. रक्तपात आणि क्रूर दृश्यं भरपूर आहेत. अमेरिकेत तो १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठीच आहे. धार्मिक प्रतिमांचा असा वापर काहींना खटकूही शकतो.
- खेळायला बसण्याआधीच थांबायची वेळ ठरवा. ‘हा शत्रू मारला की उठतो’ यात रात्रीचा एक वाजतो.
- अर्ध्या-पाऊण तासाने उठा, चार पावलं चाला, लांबवर पाहा. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात.
- अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर हाताला विश्रांती द्या. आठवड्यात फरक पडला नाही तर दाखवा.
- खेळ आवडणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण त्यासाठी खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, हे सहसा १२ महिने दिसावं लागतं. शिक्का मारण्याआधी मुलाशी बोला.

खेळ घ्यायचा की नाही, ते तुमच्या आवडीवर सोडतो. पण तुमच्यापैकी कोणी गोळ्या बंद केल्या असतील, रिपोर्ट कपाटात लपवला असेल, फॉलोअपची तारीख कधीच उलटून गेली असेल, तर आधी सगळं सुधारतो आणि मग जातो, असं ठरवू नका. आहे त्या शुगरसह, आहे त्या वजनासह, याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जा. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. किती चुकल्या ते खरं सांगा. डोस ठरवायला आम्हाला तेवढीच माहिती लागते.

काळजी घ्या.