राखण

माझा भाचा ठाण्याला फ्लॅटमध्ये राहतो. त्याने बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा पाळलाय. मागच्या महिन्यात तो त्याला घेऊन आमच्याकडे पडघ्याच्या बाजूला आला. गाडीतून उतरून पाच मिनिटं झाली नाहीत, तोवर कुत्र्याने अंगणातल्या सगळ्या कोंबड्या पेंढ्याच्या उडवीपाशी गोळा केल्या आणि समोर दबा धरून बसला. भुंकला नाही, की तोंड लावलं नाही. मान खाली घालून नुसता डोळे रोखून. कोंबड्या जागच्या हलेनात. आमची सूनबाई म्हणाली, याला इथेच ठेवा.

भाच्याने मोबाईलवर दाखवलं. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरची ही मेंढ्या हाकणारी जात. हेंप नावाचा एक कुत्रा तिकडे 1893 साली जन्मला, आजच्या कॉलींचं मूळ त्याच्याशी सांगतात. अमेरिकेतल्या एका कुत्रीला तर हजारावर खेळण्यांची नावं पाठ होती. हुशार आहेच. पण भाचा हळूच म्हणाला, "मामा, काम नसलं की वेडा होतो. सोफ्याचा कोपरा खाल्ला. सोसायटीच्या बागेत पोरांना वळत बसतो." हाकायला जन्मलेल्याला चौथ्या मजल्यावर काय मिळणार?

मला आमचा भुऱ्या आठवला.

दिवाळी झाली की पारनेरकडचे धनगर माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याणवरून आमच्या भिवंडी तालुक्यात यायचे. भात कापून शेतं मोकळी असायची. मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीमुताचं खत मिळायचं, त्याबदल्यात आम्ही भात द्यायचो. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, खाली चालणारी कुत्री. पावसाच्या आधी माघारी. आमच्या चिखलात दख्खनी मेंढीचे खूर टिकत नाहीत.

तीसेक वर्षांपूर्वी निघताना म्हाताऱ्या धनगरबाबांनी मला एक पिल्लू दिलं. बजावलं, "साखळी लावू नका, दादा. पोरांच्या हातात देऊ नका. शेळ्यांत टाका. शेळ्यांतच झोपू द्या."

त्यांची रीतच तशी. पिल्लाचे डोळे उघडले, चालायला लागलं की कोकरांत सोडायचं. रात्री वाघुरीच्या आत, मेंढ्यांच्या उबेला. त्याला मेंढीचा वास घरचा वाटला पाहिजे. खेळता खेळता कोकराचा कान ओढला तर थोरलं कुत्रं गुरगुरून दाबतं, माणसाला शिकवावं लागत नाही. मोठं झालं की तेच कुत्रं लांडग्याच्या अंगावर जातं. त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, लांडगा नरडं धरतो म्हणून.

मी अकरा शेळ्यांच्या गोठ्यात भुऱ्याला टाकलं. वर्षभरात तो एवढा झाला की रात्री गोठ्याकडे परका माणूस फिरकेना. शेळी व्याली की वार पडेपर्यंत हा दारात बसून. पण मला तेवढ्याने समाधान नव्हतं. शेळ्या शेजारच्या वालात शिरायच्या, आणि मला वाटायचं, कुत्र्याने त्या हाकून आणाव्यात. मी ओरडायचो, "जा, आण!" तो माझ्याकडे बघायचा, मग वालातच शेळ्यांजवळ जाऊन बसायचा. म्हणजे राखायचा. एके दिवशी शेजाऱ्याने बांधावर उभं राहून चार माणसांत माझा उद्धार केला. तो राग मी भुऱ्यावर काढला. निरगुडीच्या फोकाने तीन-चार मारले. तो पळाला नाही, ओरडला नाही. उठून शेळ्यांच्या पलीकडे जाऊन बसला.

त्या दिवसापासून त्याने माझ्या हातची भाकरी घेतली नाही. बायकोच्या हातची खायचा. मी खाली ठेवून बाजूला झालो तर खायचा. काम मात्र एका रात्रीचं चुकवलं नाही.

दिवाळीनंतर धनगरबाबा आले. भुऱ्या माझ्यापासून किती अंतर धरून बसलाय ते त्यांनी पाहिलं. "मारलंय व्हय याला?" मी गप्प. "दादा, आमचं कुत्रं हाकत न्हाई. हाकणारा माणूस. आमी हाळी देतो, मेंढरं वळत्यात. कुत्र्यानं राखायचं. जे त्याला ठावंच न्हाई ते मागितलंत, आन् वर मारलंत."

दहावी झालेला माणूस मी, उत्तर सुचलं नाही.

पुढे सहा वर्षांनी थोरलीच्या लग्नाला शेळ्या विकल्या. टेम्पो गेला आणि भुऱ्या रिकाम्या गोठ्याच्या दारात बसून राहिला. दोन दिवस बायकोच्याही हातचं खाईना. तेव्हा वैशाख होता, धनगर माघारी निघायच्या तयारीत होते. मी बाबांना म्हटलं, घेऊन जा. त्यांनी त्याचे दात पाहिले, म्हणाले, म्हातारा झालाय, पण चालंल.

निघताना मी भाकरीचा तुकडा हातावर धरला. त्याने जवळ येऊन हात हुंगला. वर पाहिलं. थांबला. मी तुकडा खाली ठेवला, चार पावलं मागे आलो, तेव्हा त्याने तो खाल्ला.

मेंढ्या कल्याणच्या वाटेला लागल्या. ज्या शेतांतून त्या गेल्या तिथे आता पत्र्याची गोदामं आहेत. भुऱ्या कळपाच्या उजव्या अंगाला, कोकरांच्या बाजूने चालू लागला, जसा काही कधी आमच्याकडे राहिलाच नव्हता.