मांडीवर मावेल एवढं काम

गोधडी घालायला मोकळी जमीन लागते. पाच फूट रुंद, सात फूट लांब, आणि भोवती बाईला गुडघ्यांवर सरकता येईल इतकी जागा. सगळ्यात खाली धडसं लुगडं ताणून पसरायचं, चारी कोपऱ्यांवर भरलेले डबे नाहीतर विटा ठेवायच्या. त्यावर धोतरं, जुनेरं, विरलेल्या चादरी यांचे थर. प्रत्येक थराच्या सुरकुत्या तळहातानं मधून कडेकडे नेत बाहेर काढायच्या, कारण आत राहिलेली एक चुणी पुढं वर्षानुवर्षं पाठीला टोचते. वरचं कापड पसरून झालं की लांब कच्च्या टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं आणि मग कडेपासून धावदोरा सुरू. माझी आई अशीच गोधडी घालायची. तिच्याकडून शिकून मी साताऱ्यात लोकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देऊ लागले.

ह्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि घरातली ती जमीन गेली. पुढच्या खोलीत पलंग आला, औषधांचं कपाट आलं. आठवड्याचे तीन दिवस रुग्णालयाचे झाले. एका वेळी चार तास मशीन, शिवाय जाणं-येणं, नंबर, वजन, रक्तदाब आणि घरी आल्यावरचा थकवा. अशा तुटक दिवसांत मोठी गोधडी अंथरून ठेवणं जमेना. ती कामं मी एका मैत्रिणीकडे दिली आणि स्वतःकडे फक्त दुपटी ठेवली. दुपटं म्हणजे तान्ह्या बाळाचं, तीन फुटी, चौकोनी. पिशवीत मावतं, मांडीवर मावतं. डायलिसिसच्या खोलीत ह्यांच्या शेजारी स्टुलावर बसून मी दुपटी शिवते. त्या खोलीत मला जो आनंद मिळतो, त्याबद्दल लिहायचं आहे. तो लहान आहे, पण खरा आहे.

दुपट्याला कापड जुनंच हवं. नव्या सुती कापडाला खळ असते, ते बाळाच्या अंगाला खरखरतं आणि पहिल्या धुण्यात आटतं. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. म्हणून बारशाच्या आधी लोक आजीची, पणजीची साडी घेऊन येतात. पॉलिएस्टर मी घेत नाही. ते घाम शोषत नाही आणि सुईखाली थर एकमेकांवरून घसरतात. इरकली आलं तर माझा दिवस चांगला जातो. त्याचं अंग सुती आणि पदर रेशमी, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. विणतानाच पदराचा ताणा अंगाच्या ताण्यात फासे अडकवून जोडलेला असतो. बोट फिरवलं की तो जोड हाताला लागतो. रेशीम बाळाला चालत नाही, म्हणून पदर मी घडी करून परत देते आणि अंगाचं कापड ठेवून घेते. रुग्णालयात नेण्याआधी प्रत्येक तुकडा गरम पाण्यातून काढून, इस्त्री करून घेते. तिथं काय चालतं आणि काय नाही, हे सिस्टरांना विचारूनच ठरवलं आहे. कापायचं काम घरी उरकायचं, तिकडं फक्त शिवायचं.

दोरा हातभर घ्यायचा, त्याहून लांब घेतला तर गुंततो. तो मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला की सरळ चालतो. सुईच्या टोकावर तीन-चार टाके भरून घ्यायचे आणि मग सुई काढायची. दोरा थरांतून जाताना बारीक आवाज होतो. मशीनच्या घरघरीत तो ऐकू येत नाही, पण बोटांना कळतो. ओळ पुरी झाली की कापड दोन्ही हातांनी किंचित ताणायचं, म्हणजे दोरा बसतो आणि दोन ओळींमधलं कापड जरासं फुगून वर येतं. ते वर येणं मला अजून दर वेळी आवडतं. इतक्या गोधड्या शिवल्या, तरी त्याची सवय झालेली नाही.

आजारपणात माणसाला सगळ्यात जास्त छळतं ते हे, की काहीच पुरं होत नाही. क्रिएटिनिन उतरतं आणि पुन्हा चढतं. अंगात साठलेलं पाणी मशीन काढून घेतं, वजन खाली येतं, परवापर्यंत ते पुन्हा वर. आज साफ केलेलं रक्त दोन दिवसांनी पुन्हा साफ करायचं. बरं होण्याचा दिवस डॉक्टर सांगत नाहीत, कारण तसा दिवस नसतो. अशा काळात टाक्यांची एक ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचते, तिला गाठ मारता येते आणि उद्या ती आपोआप उसवत नाही, याचं मोल मला फार वाटतं. चहा होईपर्यंत संपणारं एखादं काम दिवसात असावं, असं माझं आता ठाम मत आहे.

ह्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे. रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेनं एकमेकींना जोडतात, म्हणजे नीला फुगून घट्ट होते आणि मशीनच्या दोन जाड सुया तिच्यात बसतात. एका सुईतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून परत येतं. त्या जोडावर बोट ठेवलं की आत एकसारखी थरथर लागते. ती रोज तपासायची असते, थांबली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. सकाळी मी ह्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवते. थरथर लागते. मग मी चहा ठेवते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रोज सकाळी ह्यांचा हात हातात घेण्याचा नेम आमच्या घरात पूर्वी नव्हता.

मशीन चालू असताना तो हात हलवायचा नसतो. उजवा मोकळा असतो. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, उभं आयुष्य हातानं काम केलेलं, त्यांना चार तास रिकामं पडणं शिक्षा वाटायची. मग मी तुकड्यांचा डबा त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायला लागले. पुढचा तुकडा तेच काढून देतात. एकदा त्यांनी मोहरीच्या पिवळ्याशेजारी वांगी रंग दिला. मी म्हटलं, “अहो, हे कसं दिसेल?” म्हणाले, “बाळाला दिसायला तर पाहिजे! तुमची फिक्कट फुलं त्याला काय दिसणार?” ते दुपटं माझ्या सगळ्या कामांत देखणं झालं. आता रंग त्यांचे आणि टाके माझे, अशी वाटणी पक्की आहे.

पाण्याचंही सांगायला हवं. ह्यांना दिवसाला एक लिटरच्या आत भागवायचं असतं, त्यात चहाही आला, आमटीही आली. तहान फार लागते. त्यावर आम्ही लिंबाचे दोन थेंब घालून बर्फाचे छोटे खडे करतो. घोटभर पाणी क्षणात संपतं, खडा तोंडात बराच वेळ पुरतो. दुपारी उन्हाच्या वेळी तो खडा तोंडात ठेवून हे डोळे मिटतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते मी पूर्वी पंगतीत पक्वान्नं वाढतानाही पाहिलेलं नाही. आंब्यात पोटॅशियम असतं, म्हणून तो जवळपास बंदच. पण ह्यांचे रिपोर्ट पाहून आहारतज्ज्ञ बाईंनी हंगामात मशीन सुरू होताना एक पातळ फोड द्यायला परवानगी दिली. (हे ह्यांच्यापुरतं आहे, कुणी आपल्या मनानं करू नये.) त्या एका फोडीला किती वास असतो, हे पेटीभर आंबे घरात असताना आम्हाला कळलं नव्हतं.

खोलीतल्या माणसांनाही कापडाची ओढ असते. खटावकडचे एक आजोबा पलीकडच्या कॉटवर असतात. एकदा माझ्या मांडीवर काळ्या चंद्रकळेचा तुकडा पाहून त्यांनी तो मागून घेतला, अंगठ्यानं चोळून पाहिला आणि त्यांच्या आईचं लुगडं, घटस्थापनेच्या आधी नदीवर वाकळा धुवायला जायची गर्दी, ओल्या वाकळेचं ओझं दोघांनी पिळायची पद्धत, असं सगळं सांगत बसले. त्या दिवशी त्यांचे चार तास कसे गेले ते कळलं नाही, असं त्यांचा मुलगा म्हणाला.

“अशा वेळी तुला हे सुचतं तरी कसं?” असं मला विचारलेलं आहे. जवळच्या माणसांनी विचारलं, म्हणून लागलं. नवरा मशीनवर असताना बायकोनं रंग जुळवत बसावं, हे त्यांना बरोबर वाटत नव्हतं. उलट बाजूनं दुसरी माणसं सांगतात, पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होईल. मला दोन्ही पटत नाही. एकाला वाटतं दुःखात आनंदाला जागा नसावी, दुसऱ्याला वाटतं आनंदानं दुःख झाकावं. माझा अनुभव असा आहे की दोन्ही एकाच तासात, एकाच खोलीत असतात. सुई चालत असताना मला मॉनिटरवरचा आकडा दिसत असतो. ओळ चांगली आली म्हणून भीती कमी होत नाही आणि भीती आहे म्हणून ओळीची गोडी कमी होत नाही.

सुई-दोऱ्याचा हा उपयोग फार कठीण जागी झालेला आहे. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर जपानी सैन्याच्या हाती पडलं. तिथल्या युरोपीय नागरिकांना चांगी तुरुंगात डांबलं, बायका-मुलं एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे. तिथं एलिझाबेथ एनिस या परिचारिकेनं मुलींचं गाइड पथक चालवलं होतं. आठ ते सोळा वयाच्या त्या मुलींनी तिच्या वाढदिवसासाठी चिंध्यांचे षटकोन जोडून तिला न कळू देता गोधडी करायला घेतली. अन्नाची भ्रांत, सुई-दोऱ्याची टंचाई, आणि या मुली भेट लपवून ठेवण्यात गुंतलेल्या! ती गोधडी आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. त्या तुरुंगातल्या मोठ्या बायकांनीही गोधड्या केल्या. एथेल मल्वानी या कॅनेडियन बाईंच्या पुढाकारानं प्रत्येकीला एक चौकोन मिळाला, त्यावर तिनं आपलं नाव आणि मनातलं काहीतरी भरायचं. अशा तीन गोधड्या झाल्या, प्रत्येकीत 66 चौकोन. जखमींसाठी म्हणून त्या बाहेर गेल्या आणि पलीकडच्या पुरुषांना त्यावरच्या नावांतून कळलं की आपली माणसं जिवंत आहेत. इतिहासात निरोपाची गोष्ट मोठी मानतात आणि ती आहेच. मला मात्र आधी त्या मुली दिसतात. तुरुंगात त्यांच्याकडे एक गुपित होतं, आणि ते आनंदाचं होतं.

आपल्या शेजारी, उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत सिद्दी बायका गोधड्या शिवतात, त्याला कवंदी म्हणतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या आणि तिथून निसटून रानात शिरलेल्या गुलामांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्या कडेपासून आत आत टाके घालत मधोमध येतात. आणि चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी घालून ‘फुला’ बसवतात. त्यानं ऊब वाढत नाही, गोधडी जास्त टिकतही नाही. पण फुला नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडी-बोडकी. ज्यांच्या वाट्याला इतकं सोसणं आलं, त्यांनी कोपऱ्यावरच्या फुलाला जरुरीच्या वस्तूंत धरलं, याचा मला फार आदर वाटतो. हे कळल्यापासून माझ्या दुपट्यांच्या एका कोपऱ्यालाही मी तशी घडी घालते, आणि गिऱ्हाइकानं विचारलं तर ती कुणाची हे सांगते.

हेही स्पष्ट सांगते की असा आनंद सगळ्यांना सारखा परवडत नाही. ह्यांचं डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतं. ते पैसे खिशातून भरावे लागले असते तर मी रंग बघत बसले नसते, उसनवारीसाठी दारं फिरले असते. आणि योजनेत असूनही काही दिवशी पिशवी उघडत नाही. मशीनवर मधेच रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात, हे पांढरेफटक पडतात, सिस्टर धावतात. त्या दिवशी मी फक्त ह्यांचे पाय दाबते. दुपटं पिशवीत राहतं. पुढच्या खेपेला सुई जिथं टोचून ठेवली तिथूनच सुरू होते.

कुणाला दवाखान्यात भेटायला जाल, तेव्हा रुग्णासाठी फळं न्या, पण शेजारी स्टुलावर बसलेल्या माणसाचीही चौकशी करा. त्याला हातानं काय करायला आवडायचं ते विचारा. लोकर असेल, चित्राची वही असेल, मोत्यांची पोत असेल, शब्दकोडी असतील, जे असेल ते पुढच्या वेळी नेऊन द्या, आणि तासभर रुग्णाजवळ तुम्ही बसा. घरात सुती जुनेर असेल तर बोहारणीला देण्याआधी जवळपासच्या गोधडीवालीला विचारा. आम्हाला चांगलं सुती कापड हल्ली फार कमी मिळतं.