फणीतले केस

जबलपूरला जानेवारीत ऊन उशिरा येते. रांझी भागातल्या त्या मराठी घराच्या ओसरीवर ते नऊच्या सुमारास उतरते आणि मग घरातल्या बायका वेणीफणी उरकून घेतात. १९०४ साली सुरू झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत या घरच्या दोन पिढ्यांनी नोकरी केली. विदर्भातून आलेले हे कुटुंब आता पुरते जबलपुरी झाले आहे. अंगणात हिंदी चालते, स्वयंपाकघरात मराठी. जुन्या घरची एक वस्तू मात्र ओसरीवरच्या कोनाड्यात अजून जपून ठेवलेली आहे. ती म्हणजे सासूबाईंची फणेरपेटी.

सासूबाईंच्या लहानपणी फणीतले केस कोणी टाकून देत नसे. ते बोटाभोवती गुंडाळून पेटीच्या कप्प्यात ठेवायचे आणि पुरेसे साठले की त्यांचे गंगावन करून घ्यायचे. उरलेले केस दारावर येणाऱ्या बाईला देऊन पोराबाळांसाठी फुगे घ्यायचे. गळलेल्या केसांचाही तेव्हा हिशेब असे. २०२५ च्या जानेवारीत सुनेच्या फणीत जे केस येऊ लागले, त्यांचा हिशेब मात्र कोणालाच लागेना.

सुनेचे माहेर बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातले. नेमक्या त्याच दिवसांत तिकडून विलक्षण बातम्या येत होत्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक झडू लागले होते. आधी डोके खाजायचे, मग केस राठ व्हायचे, पुढे नुसता हात लावला तरी ते मुठीत यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. म्हातारे, तरुण, बायका, मुले, कोणी त्यातून सुटले नव्हते. पाण्यात दोष आहे, बुरशी आहे, शाम्पूने झाले, नवा साथीचा रोग आला, असे ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता. सून दिवाळीला आठ दिवस माहेरी राहून आली होती. आपणही तेच घेऊन आलो, अशी तिची खात्री झाली.

तिने हे कोणालाही सांगितले नाही. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस ती स्वतः काढू लागली. आपला टॉवेल तिने वेगळा केला, उशी वेगळी केली. रात्री कुशीत झोपणाऱ्या नऊ वर्षांच्या लेकीला तिने आजीच्या अंथरुणात पाठवले. मुलीने कारण विचारले, तेव्हा तिने थंडीचे निमित्त सांगितले. थंडीत आई लेकीला जवळ घेते, दूर करत नाही, हे सासूबाईंच्या लगेच ध्यानात आले.

चौथ्या रात्री त्यांनी सुनेला समोर बसवले. तिने पदराखाली झाकलेला केसांचा पुंजका पुढे केला आणि ती रडू लागली. सासूबाईंनी तो पुंजका हातात घेतला, थोडा वेळ न्याहाळला आणि बाजूला ठेवला.

"अगं, केस गेले तर पुन्हा येतील. पोरीला लांब लोटलंस, ते कशानं भरून काढशील?" त्या म्हणाल्या. "आज तिला जवळ घेऊन झोप. बाकीचं उद्या बघू."

दुसऱ्या दिवसापासून घरात उपचारांची रेलचेल झाली. सासूबाईंनी माका, जास्वंद आणि आवळा घालून तेल उकळले. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस चोळायला सांगितला. मुलाने जाहिरात पाहून केसांच्या गोळ्यांची बाटली मागवली. त्याच्या स्वतःच्या डोक्यावरचा भांग गेली काही वर्षे रुंदावत चालला होता आणि कपाटात तेलाच्या चार बाटल्या अर्धवट पडून होत्या, तरी जाहिरातीवरचा त्याचा विश्वास ढळला नव्हता. आठवडाभरात कांद्याच्या रसाने सुनेच्या डोक्याची कातडी लाल झाली. केस मात्र गळतच राहिले. तेव्हा सासूबाईंनीच ठरवले, की आता घरच्या घरी अंदाज बांधणे पुरे.

नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला जबलपूरकर नुसते 'मेडिकल' म्हणतात. तिथल्या त्वचारोग विभागातल्या डॉक्टरबाईंनी सुनेचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. केसांची एक पातळ बट त्यांनी चिमटीत धरून हलकेच ओढली. पाच-सहा केस हाती आले. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका होता. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते?"

सासू-सुना एकमेकींकडे पाहू लागल्या. तीन महिन्यांपूर्वी नवरात्र होते आणि त्या नवरात्रात सुनेला डेंग्यू झाला होता. आठ दिवस ताप उतरला नव्हता. घट उठले, दिवाळी झाली आणि दुखणे सगळ्यांच्या विस्मरणात गेले. केसांनी ते लक्षात ठेवले होते.

डॉक्टरबाईंनी हिंदीत जे समजावले, ते सासूबाईंनी परतीच्या रिक्षात पुन्हा मराठीत उजळून घेतले. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग त्याची वाढ थांबते, दोन-तीन महिने तो मुळाशी विसावतो आणि गळून पडतो. त्याच जागी नवा केस उगवतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा आजार नव्हे. सगळे केस एकाच वेळी विसावत नाहीत, त्यामुळे एरवी ही गळती जाणवत नाही. पण मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार किंवा जबर धक्का यांच्या वेळी शरीर आपली शक्ती जीव वाचवण्यासाठी राखून ठेवते. केस वाढवणे त्याला तेव्हा परवडत नाही. पुष्कळ केस एकदमच विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. तोवर मूळ दुखणे बरे झालेले असते. मूळ शाबूत असल्यामुळे हे केस बहुधा सहा महिन्यांत पुन्हा दाट होऊ लागतात.

शेगावच्या गावांत काय घडले, त्याचा शोध तेव्हा चालू होता. तरी सुनेची लक्षणे तशी नाहीत, हे डॉक्टरबाईंनी स्पष्ट केले. तिला खाज नव्हती, टक्कल पडले नव्हते आणि तिच्या माहेरच्या मुक्कामानंतर कित्येक आठवड्यांनी तिथली तक्रार सुरू झाली होती. रक्ततपासणीत थायरॉइड ठीक निघाले. शरीरातला लोहाचा साठा मात्र कमी होता. त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या.

सुनेने पिशवीतून मुलाने मागवलेली बाटली काढून दाखवली. डॉक्टरबाईंनी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि ती बाजूला सारली. त्या गोळ्यांत अनेक जीवनसत्त्वे आणि क्षार होते, त्यांत सेलेनियमही होते. जे शरीरात कमी नाही, ते वरून देण्याचे कारण नाही, असे त्या म्हणाल्या. अ जीवनसत्त्व किंवा सेलेनियम प्रमाणाबाहेर गेले, तर त्यानेच केस गळतात.

हे शब्द घरात पुन्हा आठवले ते फेब्रुवारीत. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शेगाव परिसरातील रुग्णांचा अभ्यास करून आपले निष्कर्ष मांडले. अठरा गावांतील २७९ जणांचे केस गेले होते. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले होते, जस्ताचे प्रमाण घटलेले होते. रेशन दुकानातून मिळालेल्या, पंजाबकडून आलेल्या गव्हात हे सेलेनियम असल्याचे त्यांनी सांगितले. त्यांच्या चाचणीत त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. १.९ मिलिग्रॅम ही त्यांनी दिलेली सुरक्षित मर्यादा होती. पंजाबच्या होशियारपूर आणि नवाशहर भागातील काही जमिनींत हे मूलद्रव्य मुळातच जास्त आहे, ही गोष्ट कृषिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होती.

सेलेनियम हे काही विष म्हणून जन्मलेले नाही. प्रौढ माणसाला ते रोज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम लागतेच. पण थोडे असते तेव्हा जे पोसते, तेच फार झाले की केस आणि नखे झडवते. शेगावच्या गावांतल्या कित्येक तरुण मुलींनी लाजेपायी उरलेले केसही काढून टाकले होते. कोणाचे महाविद्यालय सुटले, कोणाच्या लग्नाची बोलणी अडली. त्यांच्यात कोणताही संसर्ग नव्हता. तरी त्यांच्या वाट्याला अस्पृश्यासारखी वागणूक आली. बातमी वाचून सून बराच वेळ गप्प बसली. पाच दिवस तिने स्वतःलाच तशी वागणूक दिली होती.

त्यानंतर त्या घरात केसांची निगा बदलली. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, असा नियम झाला, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. जबलपूरच्या बाजारात हिवाळ्यात हिरव्या मटारांचे ढीग लागतात. ते, डाळी, मेथी, शेंगदाणे आणि आळिवाचे लाडू ताटात नेमाने येऊ लागले. केस प्रथिनांचे बनतात आणि प्रथिने बाटलीतून डोक्यावर ओतता येत नाहीत, ती पोटातूनच जावी लागतात, हे सासूबाईंना पटले. ओले केस बारीक फणीने ओढणे बंद झाले. रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकाचा गुंता काढायचा आणि मग वर जायचे, असे सुरू झाले.

तेल मात्र सासूबाईंनी सोडले नाही. डॉक्टरबाईंनीही ते सोडायला सांगितले नव्हते. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना, विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिसून आले आहे. ते उगवलेल्या केसाला जपते. गळणाऱ्या केसाचे कारण मात्र ते दूर करू शकत नाही. फार कोंडा असेल तर तेल थापून ठेवणे उलट त्रासाचे ठरते. एवढा विवेक ठेवला, तर रविवारच्या तेलपाण्याला दुसरा पर्याय नाही, असे सासूबाई म्हणत आणि सुनेचे डोके मांडीवर घेत.

एकाच घरात केस गळण्याची तीन कारणे निघाली. सुनेचे कारण ताप आणि लोहाची कमतरता. मुलाचे विरळ होणारे केस आनुवंशिक होते. त्यात संप्रेरकांच्या प्रभावाने केसांची मुळे हळूहळू आक्रसतात. त्यावर मिनॉक्सिडिलसारखे औषध आहे, पण ते वैद्यकीय सल्ल्याने आणि सतत लावावे लागते, थांबवले की लाभही ओसरतो. त्याने विचार केला, कपाटातल्या चार बाटल्या बाहेर काढल्या आणि केस बारीक कापून घेतले. नातीच्या कपाळावरची रेषा मागे सरकत होती, त्याला शाळेसाठी रोज करकचून बांधलेल्या दोन वेण्या कारण होत्या. त्या सैल झाल्या आणि तिची सकाळची रडारडही संपली.

घरचे उपाय कुठे थांबवावेत, हेही सासूबाईंनी मनाशी पक्के केले. नाण्याएवढी चाई पडली, डोक्यावर खपल्या किंवा पू दिसला, लहान मुलाचे केस तुटून ठिपके पडले, केसांबरोबर नखेही बिघडली किंवा गळती सहा महिन्यांनंतरही थांबली नाही, तर उकळत्या तेलाची कढई उतरवून डॉक्टरांकडे जायचे. रांझीतल्या बायका त्यांच्याकडे तेलाची कृती विचारायला येत. कृती त्या सांगत, पण त्याआधी विचारत, "तीन महिन्यांमागे आजारी होतात का?"

जूनमध्ये पहिला पाऊस आला. ओसरीवर सून केस विंचरत बसली होती. तिच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीचे नवे केस ताठ उभे राहिले होते, कितीही बसवले तरी बसत नव्हते. लेकीने ते पाहिले आणि ती टाळ्या वाजवत ओरडली, "आजी, आईला जावळ आलं!"

सासूबाई हसल्या. त्यांनी फणीत अडकलेले केस काढले, सवयीने बोटाभोवती गुंडाळले आणि न मोजता टाकून दिले.